शरीरातली कात्री

कबाबासाठी मांस मुरवताना त्यात कच्च्या पपईचा गर घालतात, हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. किती घालायचा हेही हातालाच ठाऊक असते. थोडा घातला तर मांस लुसलुशीत होते. जास्त घातला किंवा मुरवलेले भांडे रात्रभर बाहेर विसरले, तर सकाळी खिम्याला धड आकार देता येत नाही, सळईवरून तो गळून पडतो. पपईच्या चिकात पपेन नावाचे एन्झाइम असते आणि ते मांसातली प्रथिने कापत सुटते. त्याला थांबायचे कळत नाही. थांबवायचे काम विस्तवाचे आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या अंदाजाचे.

अशाच कात्र्या आपल्या स्वतःच्या शरीरातही असतात. त्या आपल्याच मांसाला, कातडीला, हाडाला लागतात आणि त्या नसत्या तर आपण जन्मालाही आलो नसतो. या महिन्यात त्यांतल्या एका कात्रीविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे. तिचे नाव कोलॅजिनेज. नाव परके वाटेल, पण ती ज्या वस्तूला कापते ती वस्तू आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे.

रात्रभर मंद आचेवर शिजलेला पाया सकाळी गार झाला की भांड्यात थरथरणारी जेली जमते. ती जेली म्हणजे विरघळलेले कोलॅजेन. जनावराच्या पायात मांस थोडे. असतात ती हाडे, कूर्चा, कातडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि या सगळ्यांचा मुख्य माल कोलॅजेन हाच. माणसाचेही तेच. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भाग या एकट्या प्रथिनाचा आहे. कातडीची मजबुती, हाडाची लवचीकता, दाताला जबड्यात धरून ठेवणारे धागे, डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा ही सगळी त्याचीच विणकाम.

हा धागा इतका चिवट का, याचे उत्तर मद्रासमध्ये सापडले. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी दाखवून दिले की कोलॅजेन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ आहे. सुंभाची दोरी वळावी तसे तीन धागे एकमेकांभोवती वळलेले. त्यासाठी लागणारे शुद्ध कोलॅजेन त्यांना त्याच शहरातल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाले होते आणि ते होते कांगारूच्या शेपटीच्या स्नायूबंधाचे. पुढे या रचनेत काही दुरुस्त्या झाल्या, पण तिपेडी पिळाची मूळ गोष्ट कायम राहिली. आपल्या देशातल्या विज्ञानाच्या मोठ्या शोधांत हा शोध गणला जायला हवा. शाळेच्या पुस्तकांत मात्र तो क्वचितच दिसतो.

या पिळामुळेच कोलॅजेन सहजासहजी तुटत नाही. आपल्या पोटातली पाचक एन्झाइमे कच्च्या, पिळलेल्या कोलॅजेनपुढे जवळजवळ हात टेकतात. तासन्‌तास उकळले की पीळ सुटतो, धागे मोकळे होतात, त्याचे जिलेटिन बनते आणि मग ते पचते. पाया शिजायला इतका वेळ का लागतो, त्याचे हे कारण. (हेच जिलेटिन औषधाच्या कॅप्सूलमध्ये आणि मिठायांत जाते. ते कोणत्या जनावराचे, हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातोच. तो या लेखाचा विषय नाही.) बाजारात हल्ली चेहरा तरुण ठेवण्यासाठी महागड्या कोलॅजेनच्या पावडरी विकायला आहेत. खाल्लेले कोलॅजेन पोटात इतर कोणत्याही प्रथिनासारखे तुकडे तुकडे होऊनच रक्तात जाते. ते उठून थेट गालावर जाऊन बसत नाही. एवढे लक्षात ठेवून ज्याला पैसे घालवायचे असतील त्याने घालवावेत.

आता कोडे असे. जो धागा पोटातल्या रसांना दाद देत नाही, तो जिवंत शरीरात, उकळी न आणता, तुटतो कसा? कारण तुटतो हे तर उघड आहे. बाळाचे हाड मोठे होते तेव्हा जुने हाड झिजवून नवे बसवावे लागते. बाळंतपणानंतर गर्भाशय सुमारे एक किलो वजनाचे असते आणि सहा आठवड्यांत ते साठ-सत्तर ग्रॅमवर येते. आपल्याकडे बाळंतिणीला चिल्ल्याचे चाळीस दिवस विश्रांती देतात, त्या चाळीस दिवसांत तिच्या पोटात एवढी मोठी आवराआवर चाललेली असते. एवढे सगळे कोलॅजेन जाते कुठे?

याचे उत्तर बेडकाच्या पिल्लाने दिले. डबक्यातली टॅडपोल आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पाय फुटू लागले की त्यांची शेपटी आखूड होत होत नाहीशी होते. ती गळून पडत नाही, कोणी खात नाही. पिल्लू आपलीच शेपटी आतल्या आत विरघळवते. अमेरिकेत बोस्टन इथे जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर हे दोघे संशोधक याच शेपटीमागे लागले. त्यांच्याआधीच्या लोकांनी ऊतक कुटून, वाटून त्यात हे एन्झाइम शोधले होते आणि हाती काही लागले नव्हते. या दोघांनी वेगळा विचार केला : हे एन्झाइम साठवून ठेवलेले नसेल, जिवंत पेशी ते लागेल तेव्हाच बनवत असतील, तर वाटलेल्या मेलेल्या उतीत ते सापडणार कसे? म्हणून त्यांनी शेपटीच्या कल्ल्याचे जिवंत तुकडे कोलॅजेनच्या दुधाळ थरावर ठेवले आणि उबेत राहू दिले. तुकड्यांभोवतीचा थर विरघळून स्वच्छ कडे उमटले. हा शोध १९६२ साली प्रसिद्ध झाला. पुढे हेच काम करणारी एन्झाइमे माणसाच्या कातडीत, हिरडीत, सांध्यात, गर्भाशयात सापडत गेली. आज माणसात या घराण्यातली तेवीस एन्झाइमे माहीत आहेत. त्यांना एकत्रितपणे एमएमपी म्हणतात. सगळ्यांच्या पात्याच्या जागी जस्ताचा एक अणू बसलेला असतो. त्यांतली मोजकीच खरी कोलॅजिनेज, म्हणजे अखंड पीळ तोडू शकणारी. बाकीच्या कोणी सुटे धागे, कोणी इतर माल कापतात.

कोलॅजिनेज हजार घाव घालत नाही. पिळाच्या एका टोकापासून पाऊण अंतरावर एक ठरलेली जागा आहे, तिथे ती तिन्ही धागे कापते. बस. एकदा कापले की उरलेले तुकडे शरीराच्या साध्या उबेनेच उलगडू लागतात. जे काम पातेल्यात विस्तवाला करावे लागते ते इथे ३७ अंशांत होऊन जाते. मग घराण्यातली बाकीची एन्झाइमे येऊन सुट्या धाग्यांचा फडशा पाडतात.

इतकी धारदार वस्तू उघडी ठेवून चालत नाही. पेशी ही कात्री म्यानात घालूनच बाहेर पाठवते. एन्झाइमच्या साखळीचाच एक तुकडा पात्यावर बुचासारखा बसलेला असतो आणि तो काढल्याशिवाय कात्री चालत नाही. शिवाय आसपास पहारेकरी प्रथिने फिरत असतात. ती चार प्रकारची आहेत, आणि चालू कात्रीला घट्ट मिठी मारून ती बंद करतात. कात्री किती आणि पहारेकरी किती, या हिशेबावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

कात्री रोज चालते, निरोगी माणसातही चालते, याचा एक विलक्षण पुरावा इंग्रजांच्या आरमाराच्या इतिहासात आहे. १७४० च्या दशकात जॉर्ज ॲन्सन हा अधिकारी जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. ताज्या फळभाज्या नसल्याने खलाशांना स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. त्या जहाजावर एक म्हातारा शिपाई होता. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉइनच्या लढाईत, तो जखमी झाला होता. जखमा केव्हाच भरल्या होत्या. स्कर्व्ही झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. क जीवनसत्त्वाशिवाय नवे मजबूत कोलॅजेन विणले जात नाही. पण जुने कापण्याचे काम थांबत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा व्रणसुद्धा असा रोज थोडा उसवत आणि रोज थोडा शिवला जात टिकलेला असतो.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. आमच्या वाचकांच्या घरांत ही कात्री दोन ठिकाणी जास्त चालून नुकसान करते : हिरड्यांत आणि मधुमेह्याच्या पायात.

दात जबड्याला थेट चिकटलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये कोलॅजेनच्या धाग्यांची गादी असते, आणि शरीरात जिथे हा माल सर्वांत झपाट्याने बदलतो अशा जागांपैकी ती एक. दातांच्या मुळाशी कीट साठले की हिरडी सुजते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. या पेशी मात्र आपली कोलॅजिनेज आधीच पोतडीत भरून आणतात आणि जंतूंशी लढताना ती ओततात. जंतू मरोत न मरोत, दाताचे धागे तुटतात. हिरडी मागे सरते, हाड खचते, दात हलतो. दात किडलेला नसतानाही पन्नाशीत दात पडले, असे अनेक घरांत ऐकू येते; त्यामागे बहुधा हेच असते. रक्तातली साखर वाढलेली असेल तर ही आग अधिक भडकते, आणि हिरडीतली सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. दोघे एकमेकांना खतपाणी घालतात. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत आणखी एक फसवणूक असते : त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून रोग असूनही दिसत नाही. ज्या घरांत बायका अजून मशेरीने दात घासतात तिथे तर सरळ तंबाखूच रोज हिरडीला चोळली जाते. मशेरीने दात घट्ट होतात हा समज कोणी पसरवला कोण जाणे.

याच हिरडीच्या रोगात या विषयातला एक सुखद धक्का आहे. अमेरिकेतले दंतसंशोधक लॉर्न गोलब मधुमेही उंदरांवर प्रयोग करत असताना १९८३ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की टेट्रासायक्लिन घराण्यातले प्रतिजैविक दिले की हिरडीतल्या कोलॅजिनेजचा जोर ओसरतो, आणि जंतूच नसलेल्या उंदरांतही ओसरतो. म्हणजे औषध जंतूंना मारून नव्हे तर कात्रीलाच धरून काम करत होते. त्यावरून डॉक्सिसायक्लिनचा २० मिलिग्रॅमचा, जंतू मरणार नाहीत इतका कमी डोस हिरडीच्या रोगासाठी निघाला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच्याआधी दाताच्या मुळांची साफसफाई करावीच लागते. गोळी तिला जोड म्हणून. हे वाचून कोणी औषधाच्या दुकानातून डॉक्सिसायक्लिन आणू नये. दुकानात मिळणारी गोळी सहसा १०० मिलिग्रॅमची असते, आणि गरोदर स्त्रीला व आठ वर्षांखालच्या मुलांना या घराण्याची औषधे डॉक्टर सहसा टाळतात. मुलांच्या दातांना त्यांनी कायमचा पिवळट-तपकिरी रंग येतो.

पायाची गोष्ट अधिक गंभीर. साधी जखम भरताना कात्रीची वेळ ठरलेली असते : आधी ती मेलेला माल कापून वाट मोकळी करते, नव्या कातडीच्या पेशींना पुढे सरकायला रस्ता देते, मग पहारेकरी तिला आवरतात आणि विणकाम सुरू होते. अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्याच्या तळव्याच्या जखमेत हे आवरणेच होत नाही. अशा जखमांमधून पाझरणारे पाणी तपासले तर त्यात कात्र्या भरपूर आणि पहारेकरी कमी आढळतात. दिवसभर शरीर विणते आणि विणलेले उसवले जाते. म्हणून जखम महिनोन्‌महिने तशीच. वरून कितीही मलम लावले तरी आतला हिशेब बदलत नाही. साखर ताब्यात आणणे, पायावरचा दाब काढणे, रक्तपुरवठा तपासणे आणि मेलेला भाग वारंवार काढून टाकणे, हे चारही झाले तर हिशेब बदलतो.

मेलेला भाग काढण्यासाठी काही वेळा डॉक्टर कात्रीच वापरतात, म्हणजे एका जंतूपासून मिळवलेल्या कोलॅजिनेजचे मलम. ते मेलेल्या मांसाचे दुवे तोडते. यावरून काही घरांत होणारा एक उपाय आठवतो : जखमेवर कच्च्या पपईचा गर बांधणे. कल्पना अगदीच निराधार नाही. पपेन मेलेले मांस कापते आणि त्याची मलमेही एकेकाळी होती. पण पपेनला निवड कळत नाही, त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये अशी विनापरवाना मलमे बाजारातून हटवायला लावली. शिवाय स्वयंपाकघरातल्या गराबरोबर जंतूही जखमेत जातात. मधुमेह्याच्या पायावर हा प्रयोग मुळीच करू नये.

ज्या घरात मधुमेही माणूस नमाजी आहे तिथे पाय पाहायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. वुजूत पाय धुतले जातातच. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, ओल राहिली की तिथे कातडी कुजते आणि भेग पडते. दिवसातून एकदा तरी तळवा उलटून पाहावा. वाकता येत नसेल तर सुनेने, नातवाने पाहावा, नाहीतर जमिनीवर आरसा ठेवावा. बधिर पायाला खिळा टोचलेला कळत नाही. हज-उमऱ्याला जाणाऱ्या मधुमेह्यांनी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालण्याचा धोका डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावा. बधिर तळव्याला भाजलेलेही कळत नाही, फोड दिसतो तेव्हाच कळते.

कात्री बिघडते अशा आणखी दोन जागा थोडक्यात सांगतो. सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसात जमणाऱ्या पेशी हवेच्या पिशव्यांच्या भिंती कापत जातात. तिथे कोलॅजेनपेक्षा रबरासारखे ताणणारे धागे जास्त तुटतात आणि एकदा गेलेल्या पिशव्या परत येत नाहीत. दुसरी जागा कर्करोग. गाठीतल्या पेशी शरीरात पसरण्यासाठी वाटेतले पडदे कापतात हे कळल्यावर १९९० च्या दशकात औषध कंपन्यांनी मोठ्या आशेने कात्री बंद करणारी औषधे काढली. मारिमास्टॅट हे त्यांतले गाजलेले. रुग्णांचे आयुष्य वाढले नाही, उलट अनेकांचे खांदे आणि हातांचे सांधे आखडले. रोजची झाडलोटच थांबवली तर घराचे जे होईल ते झाले. घराण्यातल्या काही कात्र्या कर्करोगाला आळा घालणाऱ्या असतात, हेही नंतर कळले. सगळ्यांना एकाच दाव्याने बांधणे चुकीचे होते.

आणि हाच धागा धरून आम्ही सुपारीपर्यंत पोहोचतो. इतका वेळ कात्री जास्त चालल्याच्या गोष्टी सांगितल्या. सुपारीने ती चालेनाशी होते.

बकरीईदला गोळा झालेली कातडी पुढे कमावली जातात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या साली आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्या सालीत टॅनिन असते. ते कोलॅजेनच्या धाग्यांना जागोजाग चिकटून त्यांना एकमेकांशी असे जखडते की कुजवणाऱ्या जंतूंची एन्झाइमे त्याला कापू शकत नाहीत. कच्चे कातडे चार दिवसांत सडते, कमावलेले वर्षानुवर्षे टिकते, ते यामुळे. सुपारीतही टॅनिन भरपूर असते. ती तासन्‌तास गालात धरणारा माणूस आपल्याच गालाचे आतले कातडे कमावत असतो. त्याच्या जोडीला सुपारीतले अरेकोलिन धागे विणणाऱ्या पेशींना चेव आणते आणि सुपारीतले तांबे धाग्यांना टाके घालणाऱ्या एन्झाइमचा जोर वाढवते. विणकाम वाढले, धागे जखडले, कात्री बोथट. मऊ, गुलाबी गाल पांढरट आणि ताठ होत जातो.

या रोगाला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत त्याचे पहिले वर्णन केले आणि लगेच पुढच्या वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातून त्याची नोंद केली. पहिले रुग्ण स्त्रिया होत्या हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पान-तंबाखू पुरुषांचे व्यसन आणि सुपारीची चिमूट म्हणजे जेवणानंतरची सोय, असा जो हिशेब आपण धरतो तो या रोगाला मान्य नाही. सुपारीत तंबाखू नसली तरी रोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये एकट्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी असूनही पुडी कशी मिळते हे आम्ही वाचकांना सांगायला नको. साध्या सुपारीवर बंदी नाही आणि लग्नाच्या मांडवात तिचे तबक पाहुण्यांबरोबर लहान मुलांपुढूनही फिरते. तबकात बडीशेप आणि वेलची ठेवली तर कोणाचाही मान कमी होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात या रोगाच्या ६६ जणांवर सतरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवले. १९८५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा ६६ पैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला होता. बाकीच्यांना कर्करोग झाला नाही म्हणून ते सुटले असे नाही. ज्याचे तोंड उघडत नाही त्याला घास घेता येत नाही, दात नीट घासता येत नाहीत, आणि कधी शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची वेळ आली तर घशात नळी घालणेही अवघड होते.

सुरुवात तिखटाने होते. पूर्वी सहज खाल्ले जाणारे कालवण तोंड भाजू लागते, आणि घरचे मिरची कमी करून मोकळे होतात. मग गालाच्या आत बोट फिरवले तर ताठ पट्टे लागतात, फुगा फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही. घरी करण्याजोगी एक चाचणी आहे : स्वतःच्या हाताची तर्जनी, मधले आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. बहुतेक मोठ्या माणसांच्या तोंडात ती तीनही जातात. दोनच जात असतील तर वेळ दवडू नये. सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी महिन्यातून एकदा करावी. कॉलेजात जाणाऱ्या मुलांची आयांनी करावी, न विचारता.

उपचारात पहिले काम सुपारी पूर्ण बंद करणे. कमी करणे नव्हे. जखडलेले धागे आपोआप सुटत नाहीत, पण विणकाम पुढे जाणे थांबू शकते आणि सुरुवातीला जळजळ बरीच कमी होते. डॉक्टर तोंड उघडण्याचे व्यायाम देतात आणि तो व्यायाम रोज, महिनोन्‌महिने करावा लागतो. काहींना गालात स्टिरॉइडबरोबर हायल्युरोनिडेज नावाचे इंजेक्शन देतात. तेही एक कापणारे एन्झाइमच आहे, मात्र ते कोलॅजेनला नव्हे तर धाग्यांमधल्या चिकट मालाला सैल करते. तळहाताचे धागे आखडून बोट वाकडे होते अशा एका रोगात प्रत्यक्ष कोलॅजिनेजचेच इंजेक्शन देण्याला २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. तोंड फारच बंद झाले असेल तर शस्त्रक्रिया करून पट्टे सोडवतात, आणि त्यानंतरही व्यायाम सोडला तर पुन्हा आखडते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर तीन बोटांच्या चाचणीचीही वाट पाहू नये. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत अशी तपासणी कमी खर्चात होते. जवळच्या जिल्हा रुग्णालयातही आधी दाखवता येईल. जाताना किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा सुपारी खाल्ली हे खरे सांगावे, आणि घरातल्या बाईने खाल्ली असेल तर तिनेही ते सांगावे. तिला तिथे कोणी दटावणार नाही.